उंबऱ्यावरचा मासा

डोंबिवलीच्या त्या घरात मी संध्याकाळी पावणेआठला पोचायचे. खांद्यावरची पर्स न उतरवता आधी टाकीसमोर वाकायचे आणि डाव्या कोपऱ्यातल्या दगडाच्या पायथ्याशी बघायचे. तिथे वाळूत एक बीळ होतं, जुन्या मोठ्या रुपयाएवढ्या तोंडाचं. बिळाच्या तोंडाशी करंगळीहून थोडा लांब, पिवळाधमक मासा बसलेला असायचा. बसलेला हाच शब्द खरा. बाकीचे मासे पोहतात, तरंगतात, फिरतात, हा बसतो. छातीजवळचे दोन पर कोपरांसारखे वाळूत टेकवून, शेपूट बिळात आणि तोंड बाहेर, जेवण झाल्यावर ओटीवर येऊन बसलेल्या माणसासारखा. डोळे डोक्याच्या अगदी वर, आणि दोन्ही वेगवेगळे फिरतात. एक माझ्याकडे असायचा, दुसरा वर पाण्याच्या कडेला. गालावर खसखशीएवढे निळसर ठिपके. उजेड तिरका पडला की उमटायचे, सरळ पडला की दिसायचे नाहीत. तोंड रुंद आणि कोपऱ्यांत खाली वळलेलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, रागावलाय. रोज बघून बघून मला तसं वाटेनासं झालं. याचं लक्ष आहे, एवढंच त्या चेहऱ्यावर असतं.

हा येलो वॉचमन गोबी. शास्त्रात त्याचं नाव क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस. फिलिपाइन्सपासून ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफपर्यंत, प्रवाळाच्या आडोशाला असलेल्या उथळ वाळूत तो राहतो. गोबी हे माशांमधलं फार मोठं गणगोत, जवळपास दोन हजार जातींचं. बहुतेक सगळे बोटभर, नाहीतर बोटाच्या पेराएवढे. ग्रेट बॅरिअर रीफवरचा एव्हिओटा सिगिलाटा नावाचा गोबी जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो. २००५ साली ही नोंद झाली तेव्हा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढं तोकडं आयुष्य दुसऱ्या कुणाचं ठाऊक नव्हतं. त्या ५९ दिवसांतले तीन आठवडे समुद्रात वाहत जाण्यात जातात, मग प्रवाळावर उतरायचं, मोठं व्हायचं, अंडी घालायची, ती राखायची. सगळं एवढ्यात. मी हे पहिल्यांदा वाचलं ते लोकलमध्ये, दिवा आणि मुंब्र्याच्या मध्ये, आणि मोबाइल बंद करून बराच वेळ खाडीकडे बघत राहिले होते.

लहान माशांचा नाद मला तारापोरवाला मत्स्यालयापासूनचा. १९५१ साली सुरू झालेलं, मरीन ड्राइव्हवरचं ते मत्स्यालय आमच्या वेळच्या शाळकरी मुलांनी एकदा तरी पाहिलेलं असायचं. सगळी गर्दी कासवांपाशी. मी मात्र एका अरुंद काचेसमोर उभी होते, कारण तिथे काहीच नव्हतं. नुसते दगड आणि वाळू. बाई पुढे चला म्हणाल्या, तेवढ्यात वाळूचाच एक तुकडा सरकला. त्याला डोळे होते. तो कोणता मासा होता हे मला आजही सांगता येणार नाही, पण रिकाम्या दिसणाऱ्या जागेत कुणीतरी राहतंय, हे कळण्यातला आनंद मला तिथे पहिल्यांदा मिळाला.

पुढे नोकरी लागली, हाताशी थोडे पैसे आले, तेव्हा दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घेतली. सव्वाशे लिटरच्या आसपास. खाऱ्या पाण्याची टाकी ही गोड्या पाण्याच्या टाकीची मोठी बहीण नव्हे. तो वेगळाच संसार आहे. आरओचं पाणी गाळायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने त्यात समुद्राचं मीठ विरघळवायचं, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून खारटपणा मोजायचा. मग महिना-दीड महिना रिकाम्या पाण्याकडे बघत थांबायचं. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू दगडांत आणि वाळूत वस्ती करतात, अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट, आणि ही साखळी जुळेपर्यंत त्या पाण्यात मासा सोडणं म्हणजे त्याला मारणं. आई रोज विचारायची, “अगं, मासे कधी यायचे?” मी म्हणायची, “आधी घर राहण्याजोगं होऊ दे.”

प्रवाळाबद्दल एक सांगायला हवं, कारण हे फार जणांना माहीत नसतं. आपल्याकडे सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. समुद्रातून त्यांचा तुकडाही उचलता येत नाही, आणि उचलू नयेच. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या पलीकडे, भर समुद्रात पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचं प्रवाळाचं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव लावणारं ते पठार दिवाणखान्यात आणायची कुणाला इच्छा होत असेल तर त्याने समुद्रावर प्रेम आहे असं म्हणू नये. माझ्या टाकीतले दगड सिमेंटपासून घडवलेले. त्यांच्यावर झोअँथिड आणि मशरूम या दगडी नसलेल्या प्रवाळांच्या चार-पाच वसाहती, दुसऱ्या एका हौशी माणसाच्या टाकीत वाढलेल्या गुच्छांचे तुकडे. मासे मात्र बहुतेक समुद्रातून धरलेलेच मिळतात. निऑन गोबीसारख्या काही जातींची पैदास टाकीत होते, पण माझा पिवळा गोबी कुठल्या किनाऱ्यावरून, कुणाच्या जाळीतून आला, मला कुणी सांगितलं नाही. ही बोच मी मनातून काढलेली नाही. ती असावी असंच मला वाटतं.

पहिला गोबी माझ्यामुळे गेला.

दुकानात आणि पुस्तकांत माशांची प्रतवारी असते: शांत, जरा भांडखोर, भांडखोर. गोबीच्या नावापुढे ‘शांत’ लिहिलेलं होतं, आणि मी तो शब्द स्वभावाचा दाखला म्हणून वाचला. शांत आहे ना, मग कुठेही नांदेल. टाकीत आधीपासून दोन निळे डॅमसेल मासे होते, भांडखोर प्रतीतले. वाळू तळाशी जेमतेम बोटभर, एकसारखी बारीक. बीळ धरून ठेवील असा शंखाचा, दगडाचा एक तुकडा तिच्यात नव्हता. गोबी दिवसभर मागच्या कोपऱ्यात, काच आणि पंपाच्या मधल्या फटीत उभा असायचा. पिवळा रंग मळकट करडा झाला. मी म्हणायची, लाजरा आहे. पाचव्या दिवशी सकाळी तो टाकीत नव्हता. टीव्हीच्या टेबलामागे सापडला, फरशीवर, टाकीपासून तीन फुटांवर. अंगाला जमिनीवरची धूळ आणि आईचा एक पांढरा केस चिकटलेला. उचलला तर वाळलेल्या पानासारखा हलका. डोळे मात्र होते तसेच वर लागलेले.

आईने तो माझ्या हातातून घेतला आणि कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला. मग हात धुताना म्हणाली, “मासा कंटाळून पाण्याबाहेर येत नाही गं. त्याला कुणीतरी हाकललेलं असतं.”

तिने हे बोचून नव्हतं म्हटलं. तिला मासे माहीत होते, एवढंच. आईचं माहेर पेण तालुक्यातलं, धरमतरच्या खाडीकाठचं. दुसरा गोबी आणला तेव्हा तिने काचेला नाक लावलं आणि म्हणाली, “ही तर निवटी! पिवळी निवटी.” मी हसले, आणि मग शोधून बघितलं तर आई बरोबर होती. ओहोटीला खाडीच्या चिखलावर परांच्या आधाराने सरपटणारी, उड्या मारणारी, डोळे डोक्यावर घेऊन फिरणारी निवटी ही गोबींच्याच गोतातली. पूर्वी ती त्यांच्याच कुळात धरायचे. आता बरेच अभ्यासक वेगळं कूळ मांडतात, पण चुलतघर म्हणावं इतपतच वेगळं. काच न पुसता, पुस्तक न उघडता, नुसत्या डोळ्यांच्या ठेवणीवरून आणि बसण्याच्या तऱ्हेवरून आईने नातं ओळखलं.

मग त्या संध्याकाळी ती निवट्यांवरच बोलत राहिली. आजोबा ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायचे. वरून बिळाची दोन-तीन तोंडं दिसायची, त्यांतलं खरं कुठलं हे त्यांना चिखलाच्या ओलीवरून कळायचं. एका तोंडावर पाय दाबून धरायचा आणि दुसऱ्यातून खांद्यापर्यंत हात घालायचा. निवटी बोटांना लागली तरी लगेच धरता येत नाही, बुळबुळीत. घरी आणल्यावर राखेत घोळून बूळ काढायची, मग कालवण. “पण आषाढात बाबा हात घालायचे नाहीत,” आई म्हणाली. “म्हणायचे, आत पोरं असतील.” जपानमधल्या निवट्यांवर काम करणाऱ्यांनी पुढे दाखवून दिलंय की त्या बिळाच्या तळाशी हवेची खोली राखतात. चिखलातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून नर तोंडात हवा भरून खाली नेतो आणि अंड्यांच्या खोलीत सोडतो. फेऱ्यांवर फेऱ्या. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने नुसती मान हलवली. तिला त्यात नवल वाटलं नाही. घरात पोरं असली की बाप फेऱ्या मारणारच.

दुसऱ्या गोबीच्या वेळी मी आधी डॅमसेल परत दिले. वाळू चार बोटं जाड केली, तीत शंखांचे तुकडे, कवड्या, चुरा मिसळला. टाकीवर बारीक जाळी ताणून बसवली. गोबी पाळायचा तर झाकण हवंच, पेन जाईल एवढ्या फटीतूनही तो उडी घेतो. आणि त्याच्यासाठी सोबत आणली. तीन सेंटिमीटरची, पांढऱ्या अंगावर लाल पट्टे असलेली कोळंबी. आल्फियस रँडली. हौशी लोक तिला पिस्टल श्रिंप म्हणतात.

या दोघांचं एकत्र राहणं माणसांच्या लक्षात येऊन फार काळ झाला नाही. तांबड्या समुद्रात व्हॉल्फगांग लुथर या जर्मन अभ्यासकाने १९५८ साली त्याचं वर्णन केलं, पुढे इलान कार्प्लस यांनी त्याच समुद्रात वर्षानुवर्षं या जोड्या पाहिल्या. आज शंभराहून जास्त जातींचे गोबी अशा कोळंब्यांबरोबर राहताना माहीत आहेत. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती खणते. गोबीला खणता येत नाही म्हणण्याजोगं, पण त्याला दिसतं. बीळ तिचं, पहारा त्याचा. पुस्तकातलं हे एक वाक्य मला पाठ होतं. टाकीत ते घडताना बघितलं तेव्हा कळलं की त्या वाक्यात काहीच मावलेलं नव्हतं.

कोळंबी पाण्यात सोडली तशी दगडाखाली गेली आणि तीन दिवस दिसली नाही. चौथ्या दिवशी सकाळी गोबी तिच्या बिळाच्या तोंडाशी होता. रंग परत आलेला, गालावरचे ठिपके उमटलेले. त्याच्या मागून कोळंबी पाठीमागच्या अंधारातून आली, दोन्ही नांग्यांपुढे वाळूचा ढीग लोटत, बांधकामावरच्या बाईने घमेलं रिकामं करावं तसा तो बाहेर टाकला आणि वळली. पुन्हा आली. पुन्हा ढीग. आणि प्रत्येक वेळी बाहेर येताना तिची एक लांब मिशी गोबीच्या शेपटीवर असायची. कधी अंगावर, कधी परावर, पण असायचीच. ढीग टाकायला ती बोटभर पुढे गेली तरी मिशी मागे वळवून टेकलेली. गोबी नसेल तर ती बाहेर येतच नाही. मी जाणूनबुजून हात काचेजवळ नेला तेव्हा गोबीची शेपटी थरथरली, पापणी लवावी इतकीच, आणि कोळंबी टाकोटाक आत. गोबी मात्र बसून राहिला. हात आणखी जवळ नेला तेव्हा तोही डोकं आत घालून गेला. म्हणजे दोन निरोप आहेत: ‘जरा थांब’ आणि ‘पळ’. त्यानंतर मी हात न्यायचं सोडून दिलं. कुणाची भीती आपल्या करमणुकीसाठी तपासून बघू नये.

बिळाचं तोंड ती कशी बांधते, ते मी एका रविवारी पूर्ण बघितलं. वाळू एकसारखी असली की छत ढासळतं. म्हणून ती शंखाचा एक तुकडा ओढत आणते, तो दाराच्या वर आडवा बसवते, दोन्ही बाजूंना कवडीचे तुकडे खोचते. एक तुकडा बसेना. तिने तो चार वेळा फिरवून लावला, मग बाहेर फेकला आणि दुसरा आणला. एवढा वेळ गोबी जागचा हलला नाही. वरून खाऊ पडत होता, मायसिसचे तुकडे त्याच्या नाकासमोरून वाहत गेले, तरी त्याने तोंड वळवलं नाही. काम संपून ती आत गेल्यावर त्याने झेप घेतली, एक तुकडा पकडला आणि शेपटीकडून उलटा सरकत बिळात नेला.

तिच्या खणण्याने मला एक धडाही दिला. मी दगड वाळूवर रचले होते, ते थेट काचेच्या तळावर टेकवायला हवे होते. तिने खालची वाळू काढली आणि एका रात्री वरचा दगड धाडकन बसला. काच वाचली, दोघंही वाचली, पण सकाळपर्यंत मी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून दगड पुन्हा रचत होते.

तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं होतं काचेला तडा गेला. रात्रीच्या शांततेत ‘टक्’, अगदी कोरडा. तिची एक नांगी मोठी असते. ती इतक्या वेगाने मिटते की पाण्याची धार सुटते आणि धारेत बुडबुडा तयार होतो. आवाज होतो तो नांगीचा नव्हे, तो बुडबुडा फुटण्याचा. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी २००० साली हे वेगवान कॅमेऱ्यात पकडलं, आणि पुढच्याच वर्षी असंही दाखवलं की त्या क्षणी सूक्ष्म ठिणगीसारखा उजेडही पडतो, डोळ्यांना न दिसणारा. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांची चाहूल घेणाऱ्या यंत्रांना अशा कोळंब्यांच्या कडकडाटाने जेरीस आणलं होतं. नांगी तुटली तर दुसऱ्या बाजूची मोठी होते. आईने या सगळ्यातलं एकच लक्षात ठेवलं. रात्री ‘टक्’ ऐकू आलं की कूस बदलत म्हणायची, “जागी आहे.”

शांत या शब्दाचा अर्थ मला त्या बिळासमोर बसून लागत गेला. हा तोच मासा, त्याच जातीचा, जो पहिल्या वेळी पंपामागे उभा राहून करडा झाला होता. आता त्याच्या अंगावरून टाकीतला क्लाऊनफिश गेला तरी तो ढळत नव्हता. आणि असंही नाही की त्याला भांडता येत नाही. दुकानात एकदा त्याच्याच जातीचे दोघे एका हौदात पाहिले. एका नळीच्या तुकड्यासाठी जबडे फाकून एकमेकांचे गाल चावत होते. पाठीमागे दार असलं की तो शांत असतो. अंगात चपळाई नाही, बऱ्याच गोबींप्रमाणे यालाही पाण्यात तरंगत राहायची सोय नाही, अंग बोटाएवढं. आहे ती एक मागची जागा. ती आहे म्हणून तो दिवसभर पुढे बघत बसू शकतो.

फिजीच्या समुद्रात याच गोतातले काही गोबी प्रवाळाच्या फांद्यांत राहतात. विषारी शेवाळ त्या प्रवाळाला टेकलं की प्रवाळ पाण्यात रासायनिक हाक सोडतो आणि काही मिनिटांत गोबी येऊन ते शेवाळ खुडायला लागतात. डॅनिएल डिक्सन आणि मार्क हे यांनी २०१२ साली हे प्रसिद्ध केलं. मला त्यातली रसायनं कळत नाहीत. राहत्या घरावर काही आलं की एवढासा मासाही कामाला लागतो, हे कळतं.

आम्ही घरं फार बदलली. मी सातवीत होते तेव्हा वडिलांची कंपनी बंद पडली, खोली विकली, आणि तिथून पुढे अकरा-अकरा महिन्यांचे करार. दहावा महिना लागला की घरात बोलणं कमी व्हायचं. मालकाचा फोन आला की आई पदराला हात पुसत उभी राहायची, फोनवरचा माणूस समोर असल्यासारखी. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, कुंडी मोठी घ्यायची नाही, ओळखी वाढवायच्या नाहीत. शेजारच्या बायका म्हणायच्या, तुमची मुलगी किती शांत. मी शांत नव्हते. मी पंपामागे उभी होते. हे मला चाळिशीच्या आसपास, एका माशाने फरशीवर जीव दिल्यावर कळलं, आणि त्याबद्दल मला त्या माशाची क्षमा मागावीशी वाटते.

मे महिन्यातली एक रात्र. वीज साडेअकराला गेली. चिलर बंद, पंप बंद. एरवी पाणी २६ अंशांवर राखायचं असतं. दीड वाजता ते ३० वर गेलं होतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. सेलवरचा हवेचा पंप लावला, बर्फाच्या बंद बाटल्या सोडल्या, काचेभोवती ओले टॉवेल गुंडाळले. आई उठली, माळ्यावरून सूप काढलं आणि स्टुलावर बसून पाण्यावर वारा घालायला लागली. वाऱ्याने पाण्याची वाफ होते, वाफ होताना पाणी थंड होतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हात दुखला की सूप माझ्याकडे द्यायची. टॉर्चच्या उजेडात गोबी बिळाच्या तोंडाशी दिसत होता. या वेळी त्याने आत असायला हवं होतं. रात्री दोघं आत जातात आणि दार बहुधा वाळूने बुजलेलं असतं. पण आतल्या पाण्यात दम लागत असावा. कल्ले भराभर हलत होते. त्याच्या मागे तिची मिशी होती, शेपटीवर टेकलेली. पावणेचारला वीज आली.

पुढच्या वर्षी आम्ही बदलापूरला घर घेतलं. वीस वर्षांचं कर्ज, पण करार नाही. टाकी हलवायची म्हणजे ते बीळ मोडायचं. पाण्याचे चार जार भरले, दगड बादल्यांत काढले. शेवटचा दगड उचलला तेव्हा आतलं सगळं दिसलं: आडवा घातलेला शंख, कवड्या खोचलेल्या भिंती, काचेलगत हातभर गेलेला बोगदा. क्षणात पाणी गढूळ झालं आणि तो खचला. गोबी जाळीत आला. कोळंबी आली नाही. वाळू ओंजळी ओंजळीने चाळली, चुऱ्याची बादली दोनदा पाहिली. टेम्पोवाले खालून हाका मारत होते. शेवटी तो चुरा आणि त्यातले दोन पोकळ दगड तसेच पाण्यासकट उचलले आणि मांडीवर बादली घेऊन टेम्पोत बसले.

नव्या घरात टाकी उभी राहिली. या वेळी दगड आधी काचेवर, वाळू नंतर. चुऱ्याची बादली हलक्या हाताने ओतली. गोबी दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दगडाखालून डोकं बाहेर काढलं, करडा पडलेला, पोट आत गेलेलं. त्याने तोंडाने वाळू उपसून खळगा केला. तो तासाभरात बुजला. पुन्हा केला. पुन्हा बुजला. मी कामावर जाताना बघायची, आल्यावर बघायची. खळगा, आणि त्यात अर्धा मावलेला मासा. आठवडा गेला.

आईने त्या आठवड्यात दाराच्या उंबऱ्यावर हळदीची बोटं उमटवली आणि दाराला तोरण बांधायला भिंतीत दोन खिळे ठोकले. स्वतः, खलबत्त्याच्या दगडाने. संध्याकाळी पाट घेऊन दारातच भाजी निवडायला बसायची. समोरच्या घरातली बाई दुसऱ्या दिवशी आपली भाजी घेऊन आली.

नववी रात्र होती. सामान अजून खोक्यांत, आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत खालीच अंथरूण घालून झोपलो होतो. टाकीचा दिवा बंद, पंपाची घरघर तेवढी. मला झोप नव्हती; आईला आहे असं वाटत होतं.

टक्.

मी श्वास धरून थांबले. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा, डावीकडच्या दगडाखालून, तसाच कोरडा.

अंधारात आईने कूस बदलली. “जागी आहे गं,” ती म्हणाली.